चाखून बघायची सोय

जुन्या बसच्या पोटात सुतळीने बांधलेली खोकी. प्रत्येकावर फक्त एक नाव. कामेन. इव्हा. ल्युबेन. आडनाव नाही, पत्ता नाही.

एका पायात नवा बूट, दुसऱ्यात नुसता मोजा. आरशासमोरची बाई मागे वळून रांगेला विचारते, "टाचेत सैल वाटतोय का हो?" रांग म्हणते, चालून दाखव.

राजधानीत, सोफियात, बाहेरगावाहून आलेल्यांना 'बरण्या' म्हणतात, कारण त्यांना घरून खाण्याच्या बरण्या येतात. 'आमच्या इमारतीत तीन बरण्या राहतात,' असं.

इंटरनेटवरून मागवलेल्या ड्रिल मशीनच्या खोक्यातून वीट निघाली. कागदात छान गुंडाळलेली.

हे सगळं बेर्कोवित्सा गावच्या गेनाने पाहिलेलं किंवा ऐकलेलं. वीट तर तिच्याच नवऱ्याने घरी आणली होती. पुढे कितीतरी वर्षं तो ती दाराला लावायचा, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून.

अशा विटा पुष्कळांना मिळाल्या. म्हणून कुरियरच्या कचेरीत ती सोय आली: आधी उघडून बघा, वापरून बघा, मग पैसे द्या, नाही पटलं तर माल परत. कोपऱ्यात आरसा आला, खुर्ची आली, मिक्सर फिरवून बघायला भिंतीवर प्लग आला. गाव तिथे नुसतं टेकायलाही जाऊ लागलं.

त्याआधी गांचो होता. सोफियाच्या बसचा ड्रायव्हर. पेत्रोहानचा घाट ओलांडून तो गावच्या बरण्या गावच्या पोरांना पोचवायचा, आणि येताना बातमी आणायचा. गेना, तुझ्या पोराने, ल्युबेनने, केस वाढवलेत. खोकतोय जरा. बरोबर एक मुलगी होती, पण मी काही बोललो नाही. गेना त्याला कॉफी पाजून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावायची. मग बस बंद झाली, बरण्या कुरियरने जाऊ लागल्या आणि मोबाइलवर मेसेज यायला लागला: पार्सल पोचलं. केसांचं काही त्यात नसायचं.

नवरा गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला ल्युबेन उशिरा आला. सगळ्या नातेवाइकांदेखत गेना त्याला म्हणाली, पाहुण्यांच्या बाजूला बस, घरच्यांच्या नको. तो बसला, जेवला आणि गेला. त्यानंतर फोन नाही. तिनेही केला नाही.

पुढच्या सप्टेंबरात तिने ल्युतेनित्सा केली. लाल मिरच्या भाजल्या, सोलल्या, टोमॅटोबरोबर दिवसभर आटवल्या आणि बरण्या भरल्या. खोक्यावर ल्युबेनचं नाव घालून ती कुरियरच्या कचेरीत गेली आणि काउंटरवरच्या मिलेनाला म्हणाली, ती बघून-वापरून घ्यायची सोय यालाही लाव.

"मावशी, ती ड्रिलला असते, बुटांना असते. चटणी कशी वापरून बघणार?"

"चाखेल."

"आणि नाही आवडली तर?"

"तर परत येईल. मला कळेल तरी."

मिलेनाने मान खाली घालून किमतीच्या रकान्यात एक लेव, म्हणजे एक नाणं, टाकलं. किमतीशिवाय ती सोय मिळत नव्हती.

पार्सल सोफियाला पोचल्याचं कळलं तसं गेनाने आरशाजवळची खुर्ची धरली. सकाळी यायची, दुपारी जेवायला जायची, परत यायची. मासे धरायचा गळ न्यायला आलेला गांचो म्हणाला, गेना, तू स्वतःलाच पाठवायला बसलीस की काय? वजन करून घे आधी. एरवी तिने त्याला सोडलं नसतं.

संध्याकाळी मिलेनाला पडद्यावर दिसलं की खोकं उघडलंय. पुढे काही नाही. घेतलं नाही, परतही नाही. थोड्या वेळाने पाहिलं, तरी तेच. शेवटी तिने सोफियाच्या कचेरीतल्या माणसाला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. गांचोही गळाची काठी काखेत धरून थांबला.

तो माणूस वैतागलेला होता. म्हणाला, एक जण आलाय, त्याने बरणी उघडून चमचा मागितला, आमच्याकडे कुठला चमचा? मग मागच्या बाईने तिच्या हातातल्या कड्यासारख्या गोल पावाचा तुकडा दिला. तेव्हापासून तो काउंटरशी उभा राहून खातोय. बरणी निम्मी झाली. रांग दारापर्यंत गेली आहे.

"बोलला काय?" गेनाने विचारलं.

"विचारत होता, वापरून बघायला किती वेळ मिळतो."

कोणी हसलं नाही. पलीकडे कोणीतरी काहीतरी म्हणालं, नाणं ठेवल्याचा आवाज आला.

"घेतलं," तो माणूस म्हणाला. "माल सांगितल्याप्रमाणे आहे, म्हणाला. सही केली."

"केस कसे आहेत त्याचे?"

तो म्हणाला, "विरळ झालेत, आजी."

गेना खुर्चीवरून उठली. बूट घालून बघायला एक माणूस कधीचा उभा होता, त्याला तिने जागा दिली.

त्या वर्षी ल्युतेनित्सा आटवताना तिने मीठ दोनदा घातलं होतं; सगळ्या बरण्या खारट होत्या.