मोजपट्टीचं दुसरं टोक

मित्रांनो, बसा, पण जरा लांबच बसा. माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. शिंपीकामाच्या दुकानातली मी जुनी लाकडी मोजपट्टी आहे. मीटरभर लांब, दोन्ही टोकांना पितळी टोप्या, अंगावर एक ते शंभर आकडे. शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, पण शिकल्यासवरल्यांची चुकलेली मापं भरपूर पाहिली आहेत.

एका अबोल सुतारानं मला घडवलं. रंधा मारायचा, एक डोळा मिटून माझ्याकडे बघायचा, पुन्हा रंधा मारायचा. मला वाटायचं, हा काय शोधतोय माझ्यात? तो बाक शोधत होता. सापडला नाही. माझ्यात बाक कसला सापडतोय!

थोरल्या बाईंनी मला दुकानात आणलं. दुकान त्यांचंच, एकटीनं उभं केलेलं. गिऱ्हाईक कुरकुरलं की त्या मला टेबलावर आपटायच्या आणि म्हणायच्या, "ही खोटं बोलत नाही. तुमचं पोट वाढलंय." तेव्हा माझा ऊर भरून यायचा.

पुढे गुंडाळायची फीत आली. ती बाईंच्या गळ्यात मिरवू लागली आणि मी टेबलावर खडूच्या भुकटीत लोळू लागले. पोट दिसेल तिथे विळखा घालणारी ती, तिचा काय भरवसा? पण मला कोण विचारतो.

मग बाईंची सून आली. तिला सगळे धाकटी म्हणतात. तिनं शिलाई मशीनवर बसायचा हट्ट धरला आणि शिवायलाही लागली. टीप सरळ, हात चपळ. मला मात्र चपळ हातांचा संशय येतो. बाईंनाही येत होता.

एका दुपारची गोष्ट. टेबलावर एका गायिकेच्या झग्याचं पांढरं रेशीम पसरलेलं होतं. टेबलाच्या अलीकडे थोरल्या बाई आणि कापड बेतणारे काका होते, पलीकडे धाकटीचं मशीन. मी टेबलाच्या लांबीला समांतर पडले होते. माझ्या शंभरच्या टोकापाशी, अलीकडच्या अंगाला, मशीनच्या तेलाची बुधली होती आणि बुधलीच्या अलीकडे ते रेशीम. बाई काकांशी बोलत पाठमोऱ्या उभ्या होत्या. बोलता बोलता त्यांनी कापडाचा ताका कंबरेनंच टेबलावर मागे रेटला. ताका माझ्या एकच्या टोकाला बसला. मी सर्रकन सरकले आणि त्याच क्षणी बुधली आडवी झाली. झग्याच्या पाठीवर तळहाताएवढा काळा डाग पडला.

बाई वळल्या. धाकटी पलीकडून दोरा घ्यायला वाकलेली होती, नेमकी बुधलीसमोर.

"बुधली आमच्याकडे पडली," बाई म्हणाल्या. "म्हणजे ढकलली तिकडून. तिकडे कोण आहे?"

"आई, मी हातसुद्धा लावला नाही."

"मग काय तिला चक्कर आली?"

"ऊन फार आहे, वहिनी," काका पुटपुटले.

"तुम्ही गप्प बसा. आणि तू गं, उद्यापासून मशीनला हात लावायचा नाहीस. घर सांभाळ."

धाकटीचा चेहरा उतरला. खरं सांगते, मीही बाईंच्याच बाजूची होते. धक्का मला बसला होता, पण तो पलीकडे ढकलणारा. पलीकडे ढकलली तर सगळी पलीकडेच जाणार ना मी? मी सरळ बाण्याची आहे, अलीकडे कशाला येऊ? तेव्हा पोरीनंच सांडलं, असं मी धरून चालले.

धाकटी रडली नाही. ती टेबलावरची भुकटी बघत राहिली. मग बोट ठेवून म्हणाली, "आई, हे बघा. पट्टीचं हे टोक माझ्याकडे घासत आलंय आणि ते टोक तुमच्याकडे. दोन ओरखडे, उलट्या दिशांचे."

"ओरखडे कुणीही काढतं."

"मग तुम्हीच ढकलून बघा."

रेशीम बाजूला झालं. मला जागेवर ठेवलं, रिकामी बुधली ठेवली. बाईंनी माझ्या एकच्या टोकाला टिचकी मारली. माझं डोकं पलीकडे गेलं, मधला भागही थोडा पलीकडे सरकला आणि माझं शेपूट, अहो माझंच शेपूट, फटकन अलीकडे आलं! बुधली बाईंच्या पुढ्यात आडवी.

"तू टेबल हलवलंस," बाई म्हणाल्या.

धाकटी दोन पावलं मागे सरली. बुधली पुन्हा पडली. तिसऱ्यांदा बाईंनी धाकटीला दारात उभं केलं. तरी बुधली पडलीच.

"आता मधोमध मारा, पन्नासवर," दारातून धाकटी म्हणाली.

बाईंनी मारली. मी सगळीच्या सगळी सरळ पलीकडे गेले, जराही न फिरता. बुधली जागची हलली नाही.

बाईंनी काकांकडे पाहिलं. "ताका कुणी रेटला होता?"

काका छताकडे बघू लागले. "मी बटणं मोजत होतो, वहिनी."

बाईंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी खाली मान घातली असती, पण बाक नाही ना माझ्यात. शेवटी त्या धाकटीकडे न बघताच म्हणाल्या, "पाठीचा भाग नव्यानं बेतायला लागेल. शिवायचा तूच. गायिकेला मी सांगते, माझ्या हातून सांडलं म्हणून."

धाकटी मशीनवर जाऊन बसली. बाईंनी मला पुसलं आणि भिंतीला खिळा ठोकून टांगलं. इथून सगळं दुकान दिसतं.

मित्रांनो, काम झालं की आमच्यासारख्यांना गुळगुळीत टेबलावर मोकळं टाकू नका. आमच्या एका टोकाला लागलेला धक्का दुसऱ्या टोकाला उलटं पळवतो, हे आम्हालाच ठाऊक नसतं. आणि काही सांडलं, मोडलं तर समोरच्या माणसाकडे बोट दाखवायच्या आधी वस्तूची दोन्ही टोकं तपासा. माझा शब्द तर मुळीच प्रमाण मानू नका. तेल लागलं होतं ते माझ्याच टोपीला, आणि मी दिवसभर पोरीवर डोळा ठेवून होते.