मागच्या खोलीची ऊब

बुर्गीने भावाच्या घराचं काम घेतलं तेव्हा गावाला वाटलं, साठीत बहिणीला मायेचा पाझर फुटला. पाझर कसला डोंबलाचा! अठरा वर्षं ती डूख धरून बसली होती.

तिचा धंदा भिंतींचा. चेक सरहद्दीलगतच्या वाल्डफिअर्टल भागातली जुनी घरं ग्रॅनाइटची, भिंती दीड हात जाड, आणि एकदा का नोव्हेंबर लागला की त्या माणसाच्या अंगातली ऊब ओढून घेतात. बुर्गी या भिंतींना आतून लाकडाच्या तंतूंचे जाड तक्ते लावायची, तक्त्यांवर गरम पाण्याची नळी नागमोडी फिरवायची आणि वरून मातीचा गिलावा चढवायची. मग लोक स्वेटर काढून त्याच भिंतीला पाठ लावून बसायचे. तालुक्यात तिच्या हाताला तोड नव्हती. म्हणून तर भाचा गेर्नोट तिच्याकडे आला.

शेत आता गेर्नोटच्या नावावर झालं होतं. तिकडे शेत मुलाकडे गेलं की म्हातारी माणसं मागच्या खोलीत जातात, आणि त्यांना काय काय मिळणार ते नोटरीसमोर कागदावर येतं. बुर्गीचा थोरला भाऊ एंगेलबर्ट, घरच्यांचा बेर्टल, आता त्या खोलीत जाणार होता. त्याच खोलीत त्यांच्या आईने अकरा हिवाळे काढले होते. तिच्या कागदावर होतं : रोज एक लिटर दूध आणि गरजेपुरतं सरपण. गरज किती, ते बेर्टल ठरवायचा. आई रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन सरपण मागायची, आणि हा सूप पीत म्हणायचा, "कालच तर नेलंस." अकराव्या हिवाळ्यात, अठरा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, न्यूमोनियाने ती गेली. बुर्गी तेव्हा दूर लिंत्स शहरात कामावर होती. आई फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणायची आणि बुर्गी ते खरं मानायची, कारण ते मानणं सोयीचं होतं. हेही तिने भावाच्याच खात्यावर टाकलं होतं.

"बाबांच्या खोलीची चावी कुठे बसवायची, आत्या?" गेर्नोटने विचारलं. भिंतीत गरम पाणी सोडायची ती पितळी चावी.

"स्वयंपाकघरात. यित्काच्या हाताशी."

"त्यांच्या खोलीत नको?"

"फिरवून फिरवून बिघडवेल तो. म्हाताऱ्या माणसांना यातलं काय कळतंय!"

गेर्नोट हसला. त्याला यात काही वावगं वाटलं नाही. यित्का त्याची बायको, सरहद्दीपलीकडच्या चेक गावातली. सहा वर्षं ती त्या घरात राबत होती, आणि सहा वर्षांत बेर्टलने तिचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. तिने केलेल्या खसखशीच्या शेवया दोन ताटं चापायच्या आणि वर म्हणायचं, "पलीकडचीला मीठ कळत नाही." आता ऊब हवी तर त्याच पलीकडचीपुढे उभं राहायचं. स्वयंपाकघर सुनेचं, तिथल्या वस्तूला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, हा नियम बेर्टलनेच एकेकाळी आईला घालून दिला होता.

काम मात्र बुर्गीने चोख केलं. काम बिघडवून सूड घेणारे कारागीर तिला भिकार वाटायचे. आईच्या पलंगामागच्या भिंतीवर, जिथे पूर्वी बुरशी चढायची, तिथे तिने गिलावा हाताने घोटला आणि घोटताना दातओठ खाल्ले.

मग कडाक्याची थंडी पडली. पाचव्या दिवशी यित्काचा फोन आला.

"आत्या, बाबा मागतच नाहीत हो. काल मी आपणहून चावी उघडली, तर त्यांनी खिडक्या सताड उघडून ठेवल्या. म्हणाले, न मागितलेलं मला काही नको."

"मग राहू दे तसाच."

"खोलीत सात डिग्री आहे. गेर्नोटचंही ऐकत नाहीत. माणूस मरेल, आत्या."

सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही. बुर्गीने गाडी काढली.

बेर्टल खोलीत शिकारीचा जाड कोट घालून, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बसला होता. ओठ निळे पडले होते.

"थंडी वाजतेय?" तिने विचारलं.

"नाही."

"नाक निळं झालंय तुझं."

"माझं नाक आहे. तुला काय त्याचं?"

"स्वयंपाकघर बारा पावलांवर आहे. जा, माग."

"तिच्याकडे?"

"आईने तुझ्याकडे मागितलं, बेर्टल. अकरा हिवाळे."

त्याने घोंगडी वर ओढून घेतली. मग म्हणाला, "शेवटच्या हिवाळ्यात नाही मागितलं."

"म्हणजे?"

"आलीच नाही दारात. मी रोज सकाळी वाट बघायचो. सरपण फोडून दारापाशी रचून ठेवलं होतं. म्हटलं, येईल, मागेल. मागितलं असतं तर दिलं असतं ना मी."

बुर्गीला वाटत होतं, आपल्याला सगळं माहीत आहे. हे माहीत नव्हतं. सरपण दारापाशी, आई भिंतीपलीकडे, आणि हा मधे सूप पीत बसलेला. याच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं, आणि त्याच क्षणी पाच दिवस फोनजवळ बसून आपणही त्याच्या मागण्याचीच वाट बघत होतो, हेही तिच्या ध्यानात आलं. त्यामुळे तिचा राग निवला नाही, उलट दुप्पट झाला.

तिने त्याला दंडाला धरून उठवलं. तो जड होता, पण बुर्गीचे हात तक्ते उचलणारे. बारा पावलं तिने त्याला जवळजवळ ओढतच नेलं आणि सुनेपुढे उभं केलं.

यित्का पीठ मळत होती. "काय हवं, बाबा?"

बेर्टल फरशीकडे बघत राहिला. बुर्गीने दंड सोडला नाही.

"यित्का," तो अखेर म्हणाला. "भिंत लाव जरा. मला... फार गारठायला होतंय."

यित्काने पिठाच्या हातानेच चावी उघडली. "आता उघडीच ठेवते. सगळा हिवाळा."

"नाही," बुर्गी म्हणाली. "रात्री बंद कर. सकाळी त्याला परत येऊ दे मागायला."

यित्काने तिच्याकडे बघितलं. "आत्या, तुम्ही शोभता हं त्यांच्या बहीण."

"आहेच मी," बुर्गी म्हणाली. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. तिला बरं वाटत होतं, अठरा वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. ती भावाकडे वळली. "भिंत तापायला तीन-चार तास लागतात. उद्या लवकर ये."

बेर्टल काही म्हणणार असं दोघींना वाटलं. पण त्याने बहिणीकडे बघितलंच नाही. तो सुनेकडे वळला.

"किती वाजता उठतेस तू?" त्याने विचारलं.