बोलिंगच्या फळीचं टेबल

जुन्या घराच्या तळघरातलं टेबल काही केल्या जिन्यातून वर येईना. येणार तरी कसं? लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात रेइनोने ते तळघरातच ठोकून उभं केलं होतं. हे घर कधी सोडावं लागेल, असं तेव्हा त्याच्या किंवा एल्नाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आता एल्नाचा खुबा बदललेला, जिने चढवेनात, म्हणून दोघांनी गावात एक बैठं घर घेतलं. टेबल न्यायचं तर कापावं लागलं असतं. रेइनोने करवत हातात घेतली, टेबलाकडे पाहिलं आणि करवत परत खिळ्याला टांगली.

"राहू दे. नवे लोक त्यावर कुंड्या ठेवतील," तो म्हणाला.

काडतुसं भरायचं दाबयंत्र तेवढं त्याने बोल्ट काढून सोडवलं, जुन्या टॉवेलात गुंडाळलं. वजनाचा काटा, साचे, बाकीचं किडुकमिडुक एका खोक्यात भरलं. ते खोकं नव्या घराच्या गॅरेजमध्ये, बर्फ उपसायच्या फावड्यांमागे जाऊन बसलं ते बसलंच. एल्नाला वाटलं, माणूस दमलाय, बर्फ वितळलं की काढेल. बर्फ वितळलं, उन्हाळाही सरत आला. आणि एक दिवस रेइनो दुकानातून तयार काडतुसांच्या डब्या घेऊन आला.

एल्ना त्या डब्यांकडे बघतच राहिली. रेइनो कामाला होता त्या लोखंडाच्या खाणीत मोठा संप झाला होता, त्या साली विकतची काडतुसं परवडत नव्हती आणि हिवाळ्यात हरणाच्या मांसावाचून चूल पेटत नव्हती, तेव्हापासून त्यांच्या घरात विकतचं काडतूस आलं नव्हतं. संप मिटला, पगार वाढले, तरी तळघरातला उद्योग चालूच राहिला. मेपलची पानं लाल व्हायला लागली की रेइनो, त्याचा धाकटा भाऊ आर्वो आणि शेजारचा ऑर्विल तळघरात जमायचे. मक्याच्या कणसाचा भुसा घातलेल्या फिरत्या डब्यात झाडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या स्वच्छ होत खळखळत राहायच्या. वरच्या खोलीत मुलं त्या आवाजावर झोपी जायची. एल्ना उपड्या पेटीवर बसून एकेक पुंगळी खिडकीशी धरायची, कुठे तडा तर नाही ना बघायची आणि पुढे सरकवायची. रेइनो बुडाशी ठिणगी पाडणारी चिमुकली टोपी बसवायचा, बंदुकीची दारू मोजून घालायचा, वर गोळी ठेवून यंत्राचा दांडा खाली ओढायचा. आर्वो नुसता बोलायचा. त्याच्या हातून काही काम झाल्याचं एल्नाला आठवत नव्हतं. पण तो गेला त्या वर्षी तळघर इतकं गप्प होतं की रेइनोने तिथे रेडिओ नेऊन ठेवला. तेलाचा, पितळेचा आणि वेलदोड्याच्या पावाचा मिळून एक वास असायचा. नव्या घरात एल्ना तोच पाव भाजायची, पण तो वास काही येत नव्हता.

त्याच सुमाराला चर्चमध्ये कॉफी पिताना तिच्या कानावर आलं, की गावातला बोलिंगचा हॉल कायमचा बंद होतोय. मालक म्हणे आतल्या मेपलच्या फळ्या मागेल त्याला देतोय. एल्नाने घरी येऊन कोटही न काढता ऑर्विलला फोन लावला.

"तुझा ट्रक चालतो का अजून?"

"तुझ्या नवऱ्यापेक्षा बरा चालतो. का गं?"

"मग ये. आणि त्याला काही बोलू नकोस."

हॉलमध्ये खुर्च्या रचून ठेवलेल्या, दिवे उतरवलेले. खेळाडू गोळा सोडतात तिथून जरा पुढची, काळ्या लाकडाचे बाण जडवलेली फळी एल्नाने निवडली. तिने त्या बाणांवरून हात फिरवला. दर गुरुवारी खाणीतल्या पोरांचा इथे खेळ असायचा. एका गुरुवारी रेइनो नावाचा एक लाजाळू, लांब मानेचा पोरगा तिच्यापाशी येऊन म्हणाला होता, "तू माझ्यापेक्षा चांगली खेळतेस, पण तुझे बूट उलटे आहेत." आणि खरंच, डाव्या पायात उजवा होता.

"हसतेस काय? उचल तुझं टोक," ऑर्विल धापा टाकत म्हणाला. "फळी आहे की रेल्वेचा रूळ!"

गॅरेजच्या दारात फळी उतरली तेव्हा रेइनो बाहेर आला.

"हे काय?"

"टेबल."

"जेवायचं टेबल आहे आपल्याकडे."

"काडतुसांचं नाहीये."

रेइनोचा चेहरा मिटला. "मला आता ते नकोय, पोरी," तो म्हणाला. वयाच्या पंचाहत्तरीलाही तो तिला पोरीच म्हणत असे. "दुकानात मिळतात की. उगाच कशाला राडा?" आणि तो आत जाऊन टीव्हीसमोर बसला.

एल्नाही काही कमी हट्टी नव्हती. दुसऱ्या दिवशी ऑर्विल करवत आणि जाडजूड वासे घेऊन हजर झाला. ऑर्विल मनाने सोन्यासारखा, पण सुतारकामात त्याचा हात म्हणजे आनंदच. त्याने पाय कापले, उभे केले, वर फळी टेकवली, आणि सगळं टेबल बोटीसारखं डुलायला लागलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतला पडदा हलला. ऑर्विलने एक पाय आणखी थोडा कापला. टेबल आता दुसऱ्या बाजूला डुललं. पडदा पुन्हा हलला. तिसऱ्यांदा करवत लागली तेव्हा घराचं दार धाडकन उघडलं.

"अरे, ते टेबलाचे पाय आहेत की लंगड्याच्या कुबड्या? ठेव ती करवत खाली!"

"तुला नको होतं ना?" एल्ना म्हणाली.

"मला नकोच आहे. पण माझ्या घरात असलं ध्यान उभं राहणार नाही."

त्याने ऑर्विलचे पाय जळणाच्या ढिगावर टाकले आणि नवे वासे मापून घेतले. दोन दिवसांत त्याची पाठ पुन्हा ताठ झाल्यासारखी दिसली. पायांना आडवे दांडे आले, मागची कड भिंतीतल्या खांबांना बोल्टने आवळली गेली. यंत्राचा दांडा ओढताना टेबल तसूभरही हलता कामा नये. उजवीकडे फळीचं टोक जरा बाहेर ठेवून तिथे यंत्राची जागा. डावीकडे, धक्का लागणार नाही आणि दारातला वारा येणार नाही अशा कोपऱ्यात, वजनाच्या काट्यासाठी चौकट. वर लोंबता दिवा. दारूच्या डब्यांसाठी गॅरेज तापवायच्या शेगडीपासून लांब, पलीकडच्या भिंतीला वेगळी लाकडी पेटी.

अडलं ते उंचीवर. रेइनोने उभ्याने कोपराशी येईल असं माप घेतलं होतं, जुन्या टेबलासारखं.

"खाली घे. मला बसून करता आलं पाहिजे," एल्ना म्हणाली.

"पुंगळ्या तू मांडीवर घेऊनही तपासशील. काम उभ्यानेच होतं."

"मी पुंगळ्यांबद्दल बोलतच नाहीये."

"मग कशाबद्दल बोलतेस?"

"तूच सांग. वर्षभर खोकं का उघडलं नाहीस ते."

ऑर्विलला एकदम आठवलं की त्याच्या कुत्र्याला जेवायला घालायचं राहिलंय. तो गेला. रेइनो ऑर्विलने उपडी टाकलेल्या बादलीवर बसला आणि बराच वेळ हातातली पेन्सिल फिरवत राहिला.

"घर सोडायच्या आधीच्या शरदात," तो म्हणाला, "तुझ्या हरणाच्या शिकारीच्या रायफलची काडतुसं भरत होतो. सगळी भरून झाली, झाकण लावायला डबा उचलला, आणि बघतो तर तो दुसराच डबा. रानकोंबड्यांच्या छर्ऱ्याच्या बंदुकीचा. ती दारू भडकन पेटते, एल्ना. रायफलीत गेली तर नळी फुटते. चेहऱ्याशी."

एल्ना फळीची कड धरून त्याच्या जवळ आली.

"दोन्ही डबे टेबलावर होते. कुठला कधी उचलला, काही आठवेना. अजूनही आठवत नाही. एकेक काडतूस उकललं, सगळी दारू अंगणात नेऊन जाळली. आणि वर येऊन तुझ्याबरोबर मटणाचं सारण भरलेली पेस्टी खाल्ली. तू विचारलंस, मीठ बरोबर आहे का? मी म्हटलं, बरोबर आहे. मला चवच लागत नव्हती."

एल्नाच्या अंगावर काटा आला. पण काटा आला तो बंदुकीच्या विचाराने कमी आणि हा माणूस वर्षभर हे एकटाच गिळून बसला होता म्हणून जास्त.

"मला सांगायचं होतंस, गाढवा."

"काय सांगायचं? की मी तुला मारणारच होतो?"

"हेच सांगायचं की तुझं लक्ष आता टिकत नाही. माझा खुबा गेला ते मी लपवलं का? गावभर लंगडत फिरले." तिने त्याच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि टेबलाच्या पायावर, बऱ्याच खाली, एक रेघ ओढली. "दारू मी मोजणार. बसून. तू दांडा ओढ."

"तुला येईल?"

"आयुष्यभर तुझ्या शेजारी बसून मी काय विणकाम करत होते?"

रेइनो रेघेकडे पाहत राहिला. मग उठला, बोल्ट सैल केले आणि करवत शोधायला लागला.

सप्टेंबरात त्यांनी नव्या टेबलावर पहिल्यांदा काडतुसं भरली. एल्नाने नियम घातला: टेबलावर दारूचा डबा एका वेळी एकच, आणि ती मोजत असताना कुणी तोंड उघडायचं नाही. ऑर्विल पाव चघळत बसला होता. बोलायची इतकी सवय की गप्प बसून त्याचा चेहरा लाल झाला. एल्ना काट्याचं टोक स्थिर होईपर्यंत थांबायची, दारू पुंगळीत ओतायची, ओळ पुरी झाली की सगळ्या पुंगळ्या दिव्याखाली धरून आत दारू सारखी आहे ना ते डोकावून बघायची आणि मगच पुंगळ्या उभ्या केलेला पाट रेइनोकडे सरकवायची. तो गोळी ठेवून दांडा ओढायचा. सवयीने त्याचा हात एकदा डब्याकडे गेला. एल्नाने चमच्याने हलकेच बोटांवर मारलं. त्याने हात मागे घेतला. राग आला नव्हता, पण चेहरा क्षणभर म्हातारा दिसला.

ओळ संपल्यावर तिने मान हलवून परवानगी दिली तेव्हा ऑर्विलने सुस्कारा सोडला. "आर्वो या नियमात गुदमरून मेला असता."

"आर्वोने नियमच मोडला असता," रेइनो म्हणाला, "आणि हिने त्याला बाहेर बर्फात काढलं असतं."

"काढलं होतं एकदा," एल्ना म्हणाली. "त्याने माझ्या पुंगळ्यांच्या ताटलीत सिगारेटची राख झाडली होती. खिडकीबाहेर गाणी म्हणत उभा होता, मी आत घेईपर्यंत."

तिघंही हसले, आणि मग त्याच्या आठवणी निघाल्या त्या कॉफी गार झाली तरी संपेनात.

रविवारी ते काडतुसं झाडून बघायला गावाबाहेरच्या रेतीच्या खाणीत गेले. सरोवरावरून गार वारा येत होता. रेइनो म्हणाला, पहिली गोळी मी झाडतो. तो असं का म्हणतोय हे एल्नाला कळलं.

"नाही. मोजली मी आहे," ती म्हणाली.

ती घडीच्या खुर्चीवर बसली, रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवली. मागे रेइनो श्वास रोखून उभा असल्याचं तिला न बघताही कळत होतं. आवाज खाणीच्या भिंतींवरून घुमत परत आला. समोर नेमासाठी लावलेल्या कागदावर, मध्यापासून जरा डावीकडे, स्वच्छ भोक पडलं होतं. तिने आणखी झाडल्या. भोकं एकमेकांना चिकटून पडली.

"डावीकडे जातंय," रेइनो म्हणाला.

"ते माझं चुकतंय, काडतुसाचं नाही."

"तेच म्हणतोय मी." तो गुडघ्यावर बसला आणि तिच्या खुर्चीभोवतीच्या रेतीतून रिकाम्या पुंगळ्या वेचून टोपीत टाकू लागला. पुंगळ्या अजून कोमट होत्या. एक सापडेना. ऑर्विल म्हणाला, जाऊ दे रे एक. पण रेइनो बोटांनी रेती चाळत तसाच शोधत राहिला, आणि एल्ना कोटाची कॉलर वर करून, काही घाई नसल्यासारखी, त्याची वाट बघत बसून राहिली.