तुमच्या कार्डाक रेंज नाय

"डोंगर केल्यान देवान, तो केल्यान. पण फोन वर नेवन कित्याक ठेवल्यान?"

सासू माझ्या खांद्याला धरून चढत होती, त्यामुळे तिचं पुटपुटणं थेट माझ्या कानात पडत होतं. कानात आणि मानेवर. मिश्रीचा वास, धाप, आणि दर चार पावलांनी एक तक्रार. देव झाला, मग ढोपर झालं, मग मी.

"तू वायंच सावकाश चल गो. भावाच्या लग्नाक चललंस काय?"

"आये, मी थांबलंयच आसय."

"थांबलंस तर माका ओढता कोण?"

आमचा डोंगर तसा नावाचाच. खाली काजीची झाडं, वर उघडा कातळ. धडधाकट माणूस अर्ध्या तासात माथ्यावर पोचतो. आम्हा दोघींना सव्वा तास लागायचा. वर गेलं की मात्र सगळं एकदम समोर येतं. उत्तरेला मालवणचा किल्ला, पाण्यावर विसरून ठेवलेल्या परातीसारखा. खाली आमचे माड आणि खाडीचं तोंड. दक्षिणेला वेंगुर्ल्याच्या खडकांवरचं दीपगृह. मुंबईचे पाहुणे आले की त्यांना आम्ही हौसेनं वर पाठवायचो. आमच्यातलं कोणी गुरांमागे गेलं तरच जायचं. समुद्र बघायला डोंगर कशाला चढायचा, तो दारातच आहे.

मग वाडीत मोबाइल आले. दोन हजार तीन-चारची गोष्ट. आले ते आले, पण वाडीत लागेनात. कोणीतरी शोध लावला की रेंज माथ्यावर येते. तेव्हापासून रविवारी पाच वाजता अर्धी वाडी कातळावर. ज्याचा मुलगा मुंबईत, ज्याचा भाऊ दुबईत, तो फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर. कोणाच्या सुनेचं काय बिनसलंय, कोणाला कुठे गाठ आली, सगळं सगळ्यांना ऐकू जायचं.

आमचा फोन रामचंद्रानं मस्कतहून पाठवला होता. रामचंद्र म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा आणि माझा नवरा. बंदरातला गाळ काढणाऱ्या बोटीवर कामाला गेला, त्याला चार वर्षं झाली. फोन आल्यावर आठ महिने दर रविवारी पाचला न चुकता वाजायचा. आधी आईशी बोलायचा, मग माझ्याशी, तेवढ्यात पैसे संपायचे. मग एका रविवारी वाजला नाही. त्याला आता दीड वर्ष झालं होतं.

पहिल्या महिन्यात लोक म्हणाले, समुद्रावर असेल. पुढे म्हणाले, तुमच्या कार्डाक हय रेंज नाय. हे मला फार सोयीचं वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. कोणाच्याही तोंडून वाईट निघत नव्हतं आणि दोष कंपनीच्या टॉवरवर जात होता. सासूला मात्र दोष द्यायला टॉवर पुरेना. ती चारचौघांत म्हणायची, "हिका फोन धरूकच येणा नाय. रांदपाची पळी धरतत तसो धरता." लोक हसायचे. मीही हसायची.

त्या दिवशीचा रविवार श्रावणातला. दोन दिवस पावसानं उघडीप दिली होती आणि कातळ हिरवा झाला होता. सासू चढत होती ती एका कामासाठी. सकाळी सत्यवान आला होता, तिच्या दिराचा मुलगा. अंगणात उभा राहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बोलला, "काकी, नारळी पुनवेक अकरा दिवस ऱ्हवले. होडी माका दे. मी बुडवूचंय नाय तिका."

होडी म्हणजे सासऱ्यांची. रामचंद्र गेला त्या दिवशी खोपीत ओढून ठेवली ती तिथेच. लाकडी होडीला पाणी लागतं. जमिनीवर राहिली की फळ्या सुकतात, सांधे उघडतात. गेल्या वर्षी फटीत नख जायचं, आता बोट जात होतं. आणखी एक वर्ष गेलं असतं तर चुलीत घालायच्या लायकीची उरली असती. सत्यवान खलाशी म्हणून दुसऱ्यांच्या बोटींवर राबत होता आणि घरची होडी त्याच्या डोळ्यांदेखत मरत होती.

"रामचंद्राक इचारतंय आयज," सासू म्हणाली. "होडी तेची. तो सांगात तसा."

सत्यवानानं माझ्याकडे पाहिलं, मी तुळशीकडे. तो गेला.

त्याला माहीत होतं. मलाही. माघातच कळलं होतं. वाडीतली तुळसा बहिणीच्या बाळंतपणाला गोव्यात वास्कोला गेली होती. परत आल्यावर विहिरीवर कळशी भरता भरता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या घोवाक बगलंय गो. मासळीबाजारात. टेंपो चलयता. खांद्यार पोर व्हता." मग रहाट दोनदा उगाच फिरवला. म्हणजे तो मस्कतहून कधीच परतला होता, आणि आमच्या दारावरून पुढे जाऊन तीन तासांवर थांबला होता.

तुळसाकडून एक नंबर मिळाला. एका मंगळवारी, डोंगरावर कोणी नसताना, मी एकटी चढले आणि लावला. बाईनं उचलला. "कोण जाय?" कोण हवंय, असं विचारत होती. मागे मूल रडत होतं. रेंज इतकी चांगली होती की त्याला मधेच लागलेल्या उचकीचा आवाजसुद्धा ऐकू आला. आमच्या घरात तसं रडणं कधी झालं नाही, म्हणून लक्षात राहिलं असेल.

सासूला सांगितलं नाही. वाटलं, म्हातारीला एवढं एक आहे. दर रविवारी आंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून डोंगर चढते. ते काढून घेतलं तर आठवड्याचे सातही दिवस सारखे होतील. खरं सांगायचं तर माझेही झाले असते.

माथ्यावर पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. कातळावर पंधरा-वीस माणसं विखुरलेली, प्रत्येकाचं एक बोट कानात. उर्वशी मुंबईच्या मुलाला ओरडून सांगत होती, "प्रितम, तिरफळां आमटीत शेवटाक घाल रे! आदी घातलंस तर कडू होतली!" गणपत नेहमीच्या दगडावर बसला होता. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, आता रेंजचा अधिकारी. कोणी कुठे उभं राहायचं ते तोच सांगायचा.

"इली आजी! आयज हवा सोच्छ आसा, आयज लागतलो."

"लागान दे," सासू म्हणाली. "मेल्या, तुझा वाजता ता आमचा कित्याक वाजणा नाय?"

गणपतचा फोन तेवढ्यात वाजला. त्यानं तो घाईनं दाबून बंद केला, जणू चूक झाली. "कार्ड येगळा आसता, आजी. माझ्या कार्डाक आसा, तुमच्या कार्डाक रेंज नाय. वायंच वर जावा, त्या पाथराकडे."

मागच्या रविवारी त्यानं करवंदीकडे पाठवलं होतं, त्याच्या आधी देवाच्या घुमटीकडे. पाथर सगळ्यात वर होता. त्याच्या वर फक्त घारी.

आम्ही चढलो. मी फोन पदराखाली उलटा धरला होता, नेहमीप्रमाणे.

"इली काय रेंज?"

"येता, जाता."

पाथरावर तिला बसवलं. पहिल्या रविवारी तिनं मला विचारलं होतं, मस्कत खंय? मी पश्चिमेला हात केला होता, जिथे फक्त पाणी. तेव्हापासून ती तिकडे तोंड करून बसायची, आणि वाट बघताना डोळ्यांवर हात धरायची, होडी यायची असल्यासारखी.

आज ती दक्षिणेला तोंड करून बसली.

मला वाटलं चुकून. "आये, मस्कत थंय आसा."

ती हलली नाही. पावसानं हवा धुऊन काढली होती. दीपगृहाच्या पलीकडे रेडीचा डोंगर दिसत होता, लोखंडाच्या खाणीनं तांबडा झालेला, आणि त्याच्याही मागे एक निळी रेघ.

"तो तांबडो डोंगर खयचो?"

"रेडीचो."

"आणि तेच्या फुडे? निळा दिसता ता?"

मी पदर सारखा केला. वारा नव्हता, तरी केला.

"गोवा," मी म्हटलं.

"लांब नाय मगे," ती म्हणाली.

खालून उर्वशीचा आवाज येत होता, आता ती सुनेशी बोलत होती, बऱ्याच हळू. सासूनं हात पुढे केला. "फोन दी हय."

"आये, तुमका कळाचा नाय तेतला."

"दी."

दिला. तिनं तो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ. अक्षर तिला येत नाही. पण चाळीस वर्षं तिनं मासळीबाजारात बसून बांगड्यांचे वाटे लावले, आणि एकाही गिऱ्हाईकाला एकाही बांगड्यात फसवू दिलं नाही. तिचं बोट काचेच्या कोपऱ्यावर गेलं, जिथे रेंजच्या लहानमोठ्या काळ्या रेघा उभ्या असतात. एकेका रेघेवर बोट टेकवत गेली. ओठ हलत होते.

मी समुद्राकडे बघत राहिले. इतके महिने मी फोन उलटा धरला होता. इतके महिने ती मला म्हणत होती, हिला धरता येत नाही. एवढ्या वेळात मला एकदाही वाटलं नाही की ती मला सांभाळून घेत असेल.

"आये," मी म्हटलं, "तुमका कोणी..."

"बाजारात बसतंय मी," ती म्हणाली. "वेंगुर्ल्याच्यो बायको येतत थंय. वास्कोच्यो पण येतत." एवढंच. मग फोन माझ्या हातात ठेवला, सुलटा.

खालून गणपत ओरडला, "आजी, लागलो काय गो? लागणा नसलो तर पाथरार उबी ऱ्हव! तुमच्या कार्डाक..."

ती उठली. माझा खांदा न धरता उठली, पाथरावर तळवा टेकून, ढोपराला शिवी देऊन. पाथरावर चढली नाही. लुगड्याचा काष्टा नीट केला आणि कातळाच्या कडेला येऊन उभी राहिली. तिचा आवाज बाजाराचा आहे. मासे संपत आले की भाव ओरडायचा आवाज. खालची माणसं फोन कानाला तसेच ठेवून वर बघू लागली.

"कार्डाक काय झाला नाय, गणपत! चार दांडे आसत, मोजलंय मी! सत्यवानाक सांग, फाल्या येवन होडी भायर काढ, सांदे भर, पाण्यात घाल. माका कोणाक इचारूचा नाय."

गणपत दगडावरून उठला. "आजी, बस गो, बस. रामचंद्र समुद्रार आसात, फुडच्या आयतवारी..."

"समुद्रार नाय तो, मेल्या! वास्कोत आसा. दुसरी बायल केल्यान हा तेना, पोर झाला तेका. माका म्हायत आसा, ह्या माझ्या सुनेक म्हायत आसा, तुमका सगळ्यांका म्हायत आसा. तो आमका फोन करूचो नाय."