खुंटी नंबर सात

आमचे हे गेले, त्याच्या नवव्या दिवशी भावजी दुकानात आले. उभ्या उभ्या पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, क्लबातली दादाची खुंटी माझ्या नावावर करायचीय. तुमची सही लागेल."

मी एका जुन्या सोफ्याचं कापड सोडवत होते. हातात खिळे उपटायची पकड होती. ती आधी खाली ठेवली, मग बोलले.

"नाही देणार."

"तुम्हाला काय करायचीय खुंटी? ओला टॉवेल टांगणार?"

"टांगेन. माझा टॉवेल, माझी खुंटी."

क्लब म्हणजे फार काही नाही. एक लांबट खोली, चहाचं मशीन, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या आणि मधोमध पूलचं टेबल. भिंतीवर बारा खुंट्या, म्हणून सभासद बारा. प्रत्येकाची काठी आपापल्या खुंटीवर. कोणी मेल्याशिवाय जागा होत नाही. मेलेल्याच्या घरच्यांचा पहिला हक्क, आणि खुंटी ज्याची, काठी त्याची. भावजी दहा वर्षं पाहुण्यांच्या वहीत सही करून खेळत होते. खेळायचे मात्र सभासदांपेक्षा चांगलं, हे मी शत्रू असूनही कबूल करते. लागोपाठ चार वर्षं कप त्यांनी नेला, आणि चारही वर्षं शेवटच्या डावाला समोर त्यांचा सख्खा मोठा भाऊ होता.

मला त्या क्लबाचा पुळका होता असं कोणी समजू नये. सव्वीस वर्षं ती खोली मला सवतीसारखी वाटत आली. संध्याकाळी सहाला दुकानाचं शटर अर्धं ओढलं की हे तिकडे. पण सातव्या खुंटीवरच्या काठीची मूठ मी माझ्या हातांनी कातड्याने मढवली होती. यांचा तळवा त्या कातड्यावर काळपट उमटला होता. तिथे भावजींचा तळवा बसणार, या विचारानेच माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. एवढंच कारण होतं. बाकी सगळं मी नंतर जोडलं.

एका घरातून दोघांनी हक्क सांगितला तर एक डाव खेळायचा, असा क्लबाचा नियम. आणि ज्याला खेळ येतो त्याने न येणाऱ्याला आधी महिनाभर शिकवायचं, म्हणजे नंतर कोणी रडायला नको. शिकवणाऱ्याने सात बॉल आणि मग काळा घालायचा. शिकणाऱ्याने तीन घातले की काळ्यावर नेम धरायची मुभा. मार्करकाकांनी नियम वाचून दाखवला तेव्हा भावजींचा चेहरा कारलं चावल्यासारखा झाला. मार्करकाका म्हणजे गुण लिहिणारे, टेबल पुसणारे, पंचही तेच.

पहिल्या दिवशी भावजींनी माझ्या हातात क्लबाची सगळ्यात वाकडी काठी दिली.

"ही वाकडी आहे," मी म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं."

"अंगणाची गोष्ट माझ्यासमोर नको. हे अंगण मीच सारवलंय."

खोटं नव्हतं. त्या टेबलाचं कापड दर दोन वर्षांनी आम्हीच बदलायचो. खाली तीन दगडी पाट्या, त्यांच्या सांध्यांत मेण भरायचं, वर कापड ताणायचं. हे एका टोकाला ओढायचे, मी दुसऱ्या टोकाला. त्या टेबलावर मी गुडघे टेकून चालले होते, फक्त खेळले नव्हते.

शिकवणं म्हणजे अपमानाचा रतीब होता. कंबर अशी का, कोपर तसं का, हे काय कणीक मळणं आहे का. पांढऱ्या बॉलला खालून मारलं की तो मागे येतो, हे त्यांनी मला सांगितलंच नाही. मी चुकून मारलं तेव्हा कळलं. रंगीत अख्खे बॉल एकाचे, पट्ट्यांचे दुसऱ्याचे, काळा शेवटी, आणि तो कुठल्या भोकात घालणार ते आधी बोलून दाखवायचं. काळ्याला पांढऱ्याशिवाय काहीही लागलं, हात, बाही, बांगडी, तर डाव तिथेच गेला. हा शेवटचा नियम मात्र त्यांनी मला तीनदा सांगितला.

त्याला कारण होतं. आमच्या धंद्यात ताणलेल्या कापडावर धागा दिसला तर तो चिमटीने उचलत नाहीत. चिमटीत कधी कधी कापडाचीच वीण येते आणि सगळं काम वाया जातं. आम्ही हात पालथा टाकून कोपरापर्यंत कापडावर फिरवतो, धागा आपोआप बाहीला लागून येतो. हे करायला डोकं लागत नाही. समोर धागा आला की हात निघतो. पहिल्या आठवड्यात मी असे निदान दहा बॉल ढकलले असतील.

"हात! वहिनी, हात!" भावजी ओरडायचे. "जित्याची खोड!"

दुसऱ्या आठवड्यातही ओरडायचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी ओरडणं सोडलं. मी धागा पुसला, बॉल हलला, तरी गप्प. मला वाटलं, कंटाळले.

मी कंटाळले नव्हते. दुकानात कापड बेतायच्या टेबलावर रिकामी बाटली आडवी ठेवायची आणि तिच्या तोंडात काठी न टेकवता आत-बाहेर करायची, असा नाद मी लावून घेतला. गिऱ्हाईक आलं तर तसंच वाकून म्हणायचे, बोला. त्यांच्यासमोर लाज वाटली नाही. भावजींसमोर हरायची मात्र वाटत होती.

रविवारी दुपारी डाव लागला. अकरा सभासद खुर्च्यांवर, एकही माझ्या बाजूचा नाही. वैधव्याला सहानुभूती असते, पण खुंटी मागणाऱ्या विधवेला नसते. भावजींनी ठेवणीतला निळा कोट घातला होता. जणू डावाआधीच सत्कार ठरलाय, असे आलेले. बाहीचं अस्तर उसवलेलं होतं, आत फिकट निळा दोरा लोंबत होता. माझी नजर आधी शिवणीवरच जाते.

त्यांनी बॉल फोडले, दोन घातले. मी एक घातला. त्यांनी तीन घातले. मी चुकले, कोणीतरी हसलं. त्यांनी आणखी एक घातला. मी एकामागून एक दोन घातले, माझे तीन झाले आणि हसणं बंद झालं. मग त्यांनी सातवा घातला, काळ्यावर नेम धरला, आणि माणसाला घाई झाली की जे होतं ते झालं. काळा भोकाच्या ओठावर जाऊन थांबला. फुंकर मारली तरी पडेल असा.

भावजी टेबलावर वाकले, काळ्याकडे जवळून पाहिलं, "अरेरे" म्हणाले, बाही झटकली आणि बाजूला झाले.

मी पुढे आले. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सरळ रेघ होती. आणि काळ्याच्या अगदी शेजारी एक धागा पडला होता.

माझा हात निघाला. पालथा, सवयीचा, काळ्यापासून चार बोटांवर आला, आणि धाग्याचा रंग दिसला. फिकट निळा.

मी हात तसाच हवेत धरला. चार वर्षं, कपाच्या संध्याकाळी, हे घरी यायचे, चपला काढायचे आणि दोनच शब्द बोलायचे: "हात गेला." आणि मी, चारही वर्षं, ताट वाढता वाढता म्हणायचे, "साधा हात ताब्यात ठेवता येत नाही तुम्हाला? कोणाचं काय शिवणार आहात या हाताने?" एकदा तर पाहुण्यांसमोर म्हणाले होते. हे मान खाली घालून जेवायचे.

मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मार्करकाका, टेबलावर धागा आहे. तुम्ही उचला."

मार्करकाका आले. त्यांनी हलक्या हाताने धागा उचलला, भावजींच्या बाहीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहायचं टाळलं. तेवढं मला पुरलं.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"बाई, आधी डाव खेळा."

"यांना माहीत होतं?"

म्हातारा धागा बोटाला गुंडाळत राहिला. "धागा कुठून येतो ते पहिल्याच वर्षी कळलं होतं त्यांना. मी ओरडणार होतो. तर म्हणाले, राहू द्या काका. खुंटी माझ्याकडे आहे, कप तरी त्याला मिळू दे. मग दरवर्षी स्वतःच हात लावायचे."

भावजींना हे ठाऊक नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. चार कप आपण चोरले असं ते समजत होते. ते त्यांना दिलेले निघाले. मला त्यांची तसूभरही कीव आली नाही. माझा राग त्या क्षणी भलत्याच माणसावर होता. धाकट्या भावाची हौस पुरवली आणि बोलणी माझी खाल्ली. एका शब्दाने सांगितलं असतं तर जीभ झडली असती का यांची? पण नाही. मला वाईट ठरवून गेला तो माणूस, आणि आता भांडायलाही समोर नाही.

"कोपऱ्यातलं डावं भोक," मी मोठ्याने म्हणाले आणि मारलं. काळा गेला.

कोणी टाळी वाजवली नाही. भावजींनी हात पुढे केला, लोकांसमोर करावा लागतो म्हणून. मी मार्करकाकांकडून तो धागा मागून घेतला आणि त्यांच्या तळव्यावर ठेवला.

"अस्तर उसवलंय तुमचं. दुकानात आणून द्या, शिवून देते."

"वहिनी, जास्त बोलू नका."

"अजून बोललेच नाही भावजी. माझी बोलणी ऐकायला माणूस लागतो, तुमच्यात तेवढा दम नाही."

ते वहीत सही न करताच निघून गेले. खुर्च्या सरकल्या, चहाचं मशीन घरघरायला लागलं. मार्करकाकांनी सातव्या खुंटीवरची काठी काढून माझ्या हातात दिली, रीत म्हणून, आणि म्हणाले, आता तुम्ही स्वतः टांगा.

मी मूठ धरली. यांच्या तळव्याच्या डागावर माझा तळवा बसला. खुंटी खांद्याच्या उंचीवर होती, लहान मुलालाही जमेल एवढं सोपं काम. काठी एकदा भिंतीवर आपटली, दुसऱ्यांदा शेजारच्या काठीवर. सगळे बघत होते आणि माझा साधा हात मला ताब्यात ठेवता येत नव्हता.