रुस्काचा काळा रंग

आमच्या प्रयोगशाळेत बुरशीला आकडा नसतो, माणसाचं नाव असतं. जिच्या-ज्याच्या अंगावरून काढली, त्याचं. ही पद्धत बाईंची. बाई म्हणजे प्राध्यापक नेव्याना बोझकोवा. वय ब्याऐंशी, डोळे जवळजवळ गेलेले, जीभ मात्र शाबूत. बुरशी वाढवायच्या सगळ्या नळ्यांत त्यांची लाडकी रुस्का. खरी रुस्का आमच्या खोऱ्यातल्या कार्लोवो गावाजवळच्या मळ्यात गुलाब खुडायची. बोटात काटा गेला आणि महिन्याभरात बोटापासून कोपरापर्यंत गाठींची माळ उठली. त्या गाठीतून बाईंनी बुरशी काढली आणि पुढची पन्नास वर्षं तिच्यापायी घालवली. त्याच कामासाठी आज त्यांना जीवनगौरव मिळणार होता. आणि एकतीस वर्षं त्यांच्या नळ्या सांभाळणारी मी, झ्लातिना, सकाळपासून ते मानपत्र टाळत फिरत होते.

कारण मानपत्राची तिसरी ओळ खोटी होती, आणि ती माझ्यामुळे खोटी होती.

सांगते. ही बुरशी ताजी असली की काजळासारखी काळी. दर तीन महिन्यांनी नव्या नळीत लावत राहिलं की हळूहळू पांढरी पडते. जगात सगळीकडे पडते, रुस्काही पडली. सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात तर मरायलाच टेकली होती. आणि वसंतात बघावं तर काळीभोर! बाई नाचायच्याच बाकी होत्या. "झ्लाते, हिला थंडी मानवली गं!" लगेच निबंध लिहिला: आमच्या खोऱ्यातली बुरशी थंडीनंतर आपला रंग आपणच परत मिळवते. मग देशोदेशीच्या लोकांनी नळ्या थंडीत ठेवून पाहिल्या. एकाचीही काळी होईना. बाई दर वर्षी विचारायच्या, "त्यांची का होत नाही गं?" मी खाली मान घालून नळ्या धुवायचे. सांगावं तर बाईंचं नाव जाणार, न सांगावं तर हा प्रश्न उराशी घेऊनच बाई जाणार. देवा, काय करावं माणसानं!

सभागृहामागच्या खोलीत बाईंनी मला मानपत्र वाचायला लावलं. तिसऱ्या ओळीशी, त्या थंडीच्या शोधाशी, मी कागद खाली ठेवला.

"थांबलीस का? वाच की."

"नाही वाचवत, बाई. हे खरं नाही."

आणि सगळं ओकून टाकलं. त्या हिवाळ्यात रुस्काची एक नळी माझ्या हातात फुटली, काच डाव्या अंगठ्यात घुसली. जखम झाली की कामावरून घरी, हा नियम बाईंचाच, आणि नवरा तेव्हा बेकार. मी गप्प बसले. गाठी उठल्या तेव्हा चोरून या रोगावरचे आयोडाइडचे थेंब ताकात घालून प्यायले. तोंडाला खिळे चघळल्यासारखी चव. पण सवय कुठे जाते? औषधाआधी एका गाठीतला पू काढून नळीत लावलाच. आठ-दहा दिवसांत काळीकुट्ट! माणसाच्या अंगातून फिरून आली आणि नवी झाली. तीच मी रुस्का म्हणून ठेवली. रुस्का मेली असती तर बाई खचल्या असत्या, ते मला बघवलं नसतं.

"म्हणजे सव्वीस वर्षं," बाई सावकाश म्हणाल्या, "मी तुझी बुरशी रुस्का म्हणून मिरवतेय?"

"हो, बाई."

मला वाटलं, आता पेटणार. पेटल्याच.

"गाढवे! पहिल्या दिवसापासूनचा अख्खा रोग माझ्या शेजारच्या टेबलावर, आणि मला बघूसुद्धा दिला नाहीस?"

"पण तुमचा निबंध चुकला ना..."

"निबंध गेला खड्ड्यात! पहिली गाठ कितव्या दिवशी उठली?"

तेवढ्यात संस्थेच्या संचालकांनी दार वाजवलं. "बाई, मंडळी खोळंबलीत."

"खोळंबू देत. कितव्या म्हणालीस?"

"अठराव्या."

"ताप होता? दुखायच्या का?"

असं पाऊण तास चाललं. माझी भीती कधी पळाली, कळलंच नाही.

मंचावर उभ्या राहताच बाई म्हणाल्या, "मानपत्रातली तिसरी ओळ खोडा. मी चुकले होते. थंडीचा काहीएक संबंध नाही." संचालकांचा चेहरा पडला. ते कुजबुजले, "बाई, मग हा गौरव..."

"उरलेल्या ओळींचा द्यायचा तर द्या. नाहीतर राहू दे. झ्लाते, वर ये."

मी गेले.

"बाही वर कर. गाठी किती म्हणालीस?"

"पाच."

भरल्या सभागृहासमोर बाईंनी माझा हात धरला. डोळ्यांना दिसेना म्हणून बोटांनी चाचपू लागल्या. अंगठ्याजवळचा व्रण, मग मनगटावरचा, मग वर, वर. कोपराच्या आत बोट थांबलं. तिथे मी कधी पाहिलंच नव्हतं.

"सहा," बाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षं हात जवळ, आणि गाठी मोजता आल्या नाहीत तुला."

मला रडू फुटलं. बाईंनी पर्समधून रुस्काची नळी काढून माझ्या हातात ठेवली.

"रडतेस काय? रुस्काच्या खाली तुझं नाव लिही. आणि पुढे लिही, गाठी सहा. मला आता दिसत नाही."