रस्त्यावर मांडलेले नान

वाळूच्या ट्रकनं माझ्या नातीचा, झिलोलाचा, पाय नेला, तर आमच्या मोहल्ला समितीनं काय करावं? सतरावा अर्ज लिहिला. पलीकडे उंच इमारती उठतायत, मोठ्या रस्त्यावर गर्दी, म्हणून अर्ध्या ताश्कंदचे ट्रक आमच्या बोळातून. बोळ एवढा, की समोरासमोर दोन गाढवगाड्या आल्या तर एकीनं मागं सरायचं. समितीचे अध्यक्ष तुर्गुन अका सरकारी कचेरीत जायचे, चहा पिऊन परत यायचे.

"अका, मी मेल्यावर तरी उत्तर येईल का हो?" मी भर बैठकीत विचारलं.

"ओपा," मोहल्ल्यात सगळे मला ताई म्हणून अशीच हाक मारतात, "वरती विचार चालू आहे."

"तुमच्या वरच्यांचा विचार होईस्तोवर आणखी एखादं लेकरू चाकाखाली जाईल."

मग मीच तोंड उघडलं. तीस वर्षं तंदूर लावतेय मी. म्हटलं, "उद्या बोळभर नान मांडते. कोण माईचा लाल त्यावर चाक घालतो ते बघते." कुणी हसलं नाही. आमच्यात नान पायाखाली येऊ देत नाहीत. खाली पडलेला दिसला तर उचलून ओठांना, कपाळाला लावतात नि भिंतीवर ठेवतात.

ठरलं असं, की ट्रक थांबला की ड्रायव्हरला दम द्यायचा. नुसता दम. माझा मुलगा एल्बेक, झिलोलाचा बाप, फाटकाआड फावडं घेऊन उभा होता. मला दिसलं. मी काही बोलले नाही. खोटं कशाला सांगू?

सकाळी नऊला ट्रक आला. करकचून ब्रेक दाबला नि नानांपासून दोन हातांवर थांबला. ड्रायव्हर उतरला. पन्नाशीचा, डोक्यावर टोपी. "अरे, धुळीत कुणी ठेवले हे?" असं पुटपुटत वाकला. एक नान उचलून कपाळाला लावला, भिंतीवर ठेवला. दुसरा ठेवला. तिसऱ्याला वाकला आणि एल्बेकचं फावडं त्याच्या मानेवर बसलं.

मग सगळेच धावले. सहा वर्षांचे अर्ज त्या लाथांतून बाहेर पडले. "सोडा मेल्यांनो, तो थांबला होता!" मी ओरडत होते. एल्बेकची कॉलर धरून ओढलं, तर त्याच्या कोपरानं माझा दात पडला. सगळे त्या माणसाचं तोंड गटाराच्या दगडावर आपटत होते. एक डोळा गेला, जबडा लोंबायला लागला, तरी कुणी थांबेना. दमले तेव्हा बाजूला झाले. तो श्वास घेत नव्हता.

सगळ्यात आधी डोकं चाललं ते तुर्गुन अकांचं. ते ट्रकमध्ये चढले, चालू केला आणि चार हात पुढे घेतला. माझे नान चाकाखाली चिरडले. समितीच्या अध्यक्षानं, पाच वेळा नमाज पढणाऱ्या माणसानं. मग खाली उतरले.

"यानं नानांवर ट्रक घातला. लोकांचा तोल गेला. सगळ्यांनी हेच सांगायचं," ते म्हणाले. कागद आला, पाच मिनिटांत चाळीस सह्या झाल्या. त्यांचा एवढा झपाटा मी कधी पाहिला नव्हता.

फौजदार आला, त्यानं कागद वाचला नि माझ्याकडे वळून विचारलं, "ओपा, नान तुमचे. तुमच्या डोळ्यांदेखत चाक घातलं यानं?"

एल्बेक माझ्या शेजारीच उभा होता. "अया," एवढंच म्हणाला हळूच. लहानपणी ताप आला की आई म्हणून अशीच हाक मारायचा मला.

"नाही साहेब, तो थांबला होता," मी म्हणाले. "नान उचलत होता. पहिला घाव माझ्या या मुलानं घातला, आणि बोळात ही माणसं मीच गोळा केली."

ट्रक आता आमच्या बोळातून जात नाहीत. एल्बेकला बारा वर्षांची कैद झाली. भेटीच्या दिवशी मी जाते, तो समोर येऊन बसतो, आणि वेळ संपेपर्यंत मान वर करत नाही.